मदत हवी आहे: ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन विमानाचं अंतर आणि वेळ

नमस्कार. आम्ही वेंगुर्ल्याचे. धाकट्या भावाला एका लहान पर्यटक जहाजावर कूकचं कॉन्ट्रॅक्ट मिळालंय. जूनमध्ये त्याला नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर, लाँगइयरब्येन बंदरात साइन ऑन करायचंय, म्हणजे जहाजावर रुजू व्हायचंय. एजंटने मोपा, मुंबई, फ्रँकफर्ट, ओस्लो, ट्रोम्सो, लाँगइयरब्येन असा मार्ग दिलाय.

शेवटच्या टप्प्याची काळजी वाटते. फोनवरच्या नकाशात ट्रोम्सोच्या वर नुसता समुद्र आणि हे गाव पार टोकाला. बाबांची स्वतःची मच्छीमारी बोट आहे, त्यांना अंतराचा चांगला अंदाज असतो. ते म्हणतात, चार तास तरी लागतील. तिकिटावर दीड-पावणेदोन तास दाखवतात. नेमकं अंतर किती? ट्रोम्सोला विमान बदलायला सव्वा तास पुरेल का? आई विचारते, विमान रद्द झालं तर बोट मिळते का? व्हिसा सिंगल एंट्री शेंगेन आहे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, पण एकदाच आत जाता येईल असा.

उत्तर, रत्नागिरीहून:

ताई, तिकीट बरोबर आहे. बाबांना अक्षांश सांगा, ते लगेच हिशेब करतील. ट्रोम्सो साधारण ६९.७ अंश उत्तर, लाँगइयरब्येन ७८.२५. फरक साडेआठ अंशांचा. एका अंशाला ६० सागरी मैल, म्हणजे ५१० मैलांच्या आसपास. रेखांशातला थोडा फरक धरून सुमारे ९६० किलोमीटर. मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच. फोनवरचा सपाट नकाशा ध्रुवाकडे ताणला जातो. ७८ अंशांवर तेवढंच अंतर विषुववृत्तापेक्षा पावणेपाच पट लांब दिसतं, म्हणून बाबांना चार तास वाटले.

सव्वा तास मात्र मला कमी वाटतो. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे, त्यामुळे ट्रोम्सोला पासपोर्ट तपासणी होते. ओस्लोहून तेच विमान पुढे जाणार असलं तरी प्रवाशांना उतरून रांगेत उभं राहावं लागतं. निदान दोन तास मागून घ्या.

नियमित प्रवासी बोट नाही. धुक्यामुळे किंवा वाऱ्यामुळे कधी विमान माघारी फिरतं. त्यामुळे जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच पोचायला हवं. हे कंपनीकडून लेखी घ्या, खोलीच्या खर्चासकट. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नाही. मध्यरात्री पोचणारं विमान असलं तर आईने अंधाराची चिंता करू नये. वेळ ओस्लोचीच, आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे.

उत्तर, देवगडहून:

व्हिसाचं आधी बघा, वेळेपेक्षा ते महत्त्वाचं. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे खुद्द स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते. जाताना फ्रँकफर्टला एक एंट्री वापरली जाणार, आणि ट्रोम्सोला तो शेंगेनमधून बाहेर पडणार. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर परत नॉर्वेत उतरला की दुसरी एंट्री लागणार. सिंगल एंट्रीवर तो येताना अडकेल. डबल किंवा मल्टिपल एंट्रीच हवी, आणि त्याची मुदत साइन ऑफच्या, म्हणजे जहाज सोडायच्या तारखेपुढची हवी.

वेंगुर्ल्याहून:

दोघांचे मनापासून आभार. बाबांनी कागदावर मैल मांडून पाहिले, हिशेब जुळला. व्हिसासाठी उद्या सकाळी एजंटला गाठते. साइन ऑफ लाँगइयरब्येनलाच होणार की आइसलँडला, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं नाही. आइसलँडला झालं तरी दुसरी एंट्री लागेलच ना?

देवगडहून:

हो, तोही शेंगेनमध्येच. लागणारच.