जळगावात जपानी सी-फूड: फ्रोझन मासा 'ताजा' म्हणून का विकता?

गिरणाकाठ
रविवारी दुपारी जळगावात हायवेलगतच्या नव्या जपानी सी-फूड हॉटेलात घरचे चौघं जेवायला गेलो. नाव देत नाही, पण बोलायचंय. ट्यूनाच्या कापांच्या कडा तपकिरी पडलेल्या, खाली गुलाबी पाणी साचलेलं. सुशीचा भात, म्हणजे ज्याच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवतात तो, थेट फ्रिजमधला, दाणा मधोमध कडक. हा भात गरम असतानाच त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर, मीठ मिसळतात आणि अंगाइतका कोमट असताना वळतात. तेच जमलं नाही तर सुशी उरली कुठे? टेम्पुराचं, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या कोळंबीचं, पीठ सालीसारखं सुटत होतं.

हेही सोडलं असतं. पण मासा कुठला असं विचारलं तर वेटर म्हणाला, "सकाळीच मुंबईहून ताजा आलाय." सध्या जुलै चालू आहे. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. आणि ताटात सॅमनही होता, जो आपल्या समुद्रात मिळतच नाही. मग ताजा कशाला म्हणायचं?

केळीवाला_रावेर
भो, जळगावात कोणी काही नवं काढलं की पहिल्या महिन्यातच आपण त्याला गाडतो. फ्रोझनमध्ये वाईट काय? जपानी बोटी खोल समुद्रातला ट्यूना बोटीवरच उणे ६० अंशांपर्यंत गोठवतात, टोकियोतही तोच खातात. कच्च्या माशातली कृमी मरावी म्हणून अमेरिकेत उणे २० अंशांवर ७ दिवस ठेवायची शिफारस आहे. फ्रोझन मासा उलट जास्त सुरक्षित. एका जेवणावरून माणसाचा धंदा बसवू नका.

गिरणाकाठ
फ्रोझनला माझी ना नाहीच. मेनूवर 'फ्रोझन' लिहा, मी आनंदाने खाईन. आणि गोठवलेला मासा फ्रिजमध्ये सावकाश सोडवावा लागतो. घाईने सोडवला की असंच पाणी सुटतं.

भरीतप्रेमी
मुळात इथे हे हवंच कशाला? मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटरवर. हिवाळ्यात बामणोदच्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, हे सोडून थंड भात आणि कच्चा मासा? त्या पैशांत अख्ख्या घराचं भरीत होतं. जे आपलं नाही ते नीट होणारच नाही.

परदेशी_नोकरी
हे पटत नाही. मी कामानिमित्त जपानात राहिलोय. नारा प्रांताला समुद्रच नाही, तरी तिथली सुशी प्रसिद्ध आहे. मिठात मुरवलेला बांगड्याच्या जातीचा मासा भातावर ठेवून पर्सिमॉन या फळझाडाच्या पानात गुंडाळतात. किनाऱ्यावरून मासा डोंगरापलीकडे न्यायचा तर मीठ लावूनच, त्यातूनच ही चव घडली. आपल्याकडेही आठवडे बाजारात सुकट-बोंबील घेतातच की. समुद्र लांब असणं ही अडचण नाही. लांब असूनही जवळ असल्याचं भासवणं ही अडचण.

उकाईकाठ
तुमले ताजा मासा खावाना शे ते नवापूरले या. उकाई धरणाच्या फुगवट्यातला मासा सकाळी बाजारात येतो. हॉटेलवाल्यांनी तोच वापरावा, रोहू-कटल्याची सुशी करा.

परदेशी_नोकरी
कच्चा अजिबात नको! गोड्या पाण्यातल्या माशात यकृतात शिरणारे कृमी असू शकतात. जपानीही ईलसारखा नदीतला मासा भाजूनच भातावर देतात. उकाईचा मासा सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजला तर मात्र उत्तम लागेल.

किचनवाला_धुळे
मी हॉटेल लाइनमधलाच, त्या हॉटेलचा नाही. आतली बाजू सांगतो. दुपारी दोन-चार टेबलं लागतात. सुशीचा भात दोन-तीन तासांत संपवायला हवा, नाहीतर टाकायचा. मालक म्हणतो वाया घालवू नका, मग तो फ्रिजमध्ये जातो, आणि फ्रिजमध्ये भात कडक होतोच. टेम्पुराचं पीठ बर्फाच्या पाण्यात ऐनवेळी, जेमतेम ढवळून करायचं असतं. ते सकाळीच भिजवून ठेवलं की तळण मऊ पडणार. कूकला हे सगळं माहीत असतं, त्याला मोकळीक नसते. शिव्या त्याला देऊ नका.

गिरणाकाठ
कूकला एक शब्द बोललो नाही. तुम्ही सांगताय तसं असेल तर दुपारी कच्चं बंदच ठेवावं. भाजलेला मासा, गरम भात, मिसो सूप एवढंच द्यावं. सुशी रात्री, आदल्या दिवशीच्या ऑर्डरवर. मी पुन्हा जाईन.

केळीवाला_रावेर
हे सगळं मालकाला तिथेच सांगायचं होतं. इथे लिहून काय मिळालं?

गिरणाकाठ
आधी त्यालाच सांगितलं. बिल देताना काउंटरवर शांतपणे बोललो. तो म्हणाला, "इथल्या लोकांना एवढं कुठे कळतं, साहेब." त्यानंतर लिहिलं.

केळीवाला_रावेर
असं म्हणाला असेल तर चुकलंच त्याचं. तरी नाव दिलं नाहीस ते बरं केलंस. मी पुढच्या आठवड्यात जातोय, मासा कुठला ते आधी विचारीन आणि इथे लिहीन.