मदत हवी आहे: रूममेटच्या रात्रीच्या जेवणाची सोय (पुणे, पेठांचा भाग)

नमस्कार. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते. रूममेटसाठी, तिला विचारूनच लिहितेय. ती १९ वर्षांची, एसवायबीएला, बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला जातात. यंदाची उचल (हंगामाआधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम) जुन्या देण्यातच गेली आणि घरून पैसे यायचे थांबले. मेसचे महिन्याचे ३००० कुठून आणणार? सकाळी पोहे, रात्री चहा-बिस्किट असं चाललं होतं.

मग अभ्यासिकेतल्या एकाने तिची मेस भरायला सुरुवात केली. आता तो रूमवर बोलावतो, कंडोम वापरत नाही. नाही म्हटलं की, "पुढच्या महिन्याचं तुझं तू बघ." मेसचं कार्डही त्याने स्वतःकडेच ठेवलंय. रविवारी फीस्ट असली की ताटाचा फोटो पाठवतो.

कृपया "मुलींना कळायला नको का" असे प्रतिसाद देऊ नका. तिला सगळं कळतं. कंडोमचा हट्ट धरला तर उद्याचं जेवण जातं, हा हिशोब ती रोज करते.

तब्येतीचं मी १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारलंय. सरकारी रुग्णालयात एचआयव्ही तपासणी मोफत आणि गोपनीय असते, गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे. तिला घेऊन जाणार आहे. पाळी चुकलीय, किट निगेटिव्ह आलं. पोटाला नीट नसलं तरी पाळी चुकते म्हणे, त्यामुळे दर महिन्याला जीव टांगणीला.

पण तपासणी करून ती परत त्याच्याच दारात जाणार असेल तर काय उपयोग? म्हणून विचारतेय: पोळ्या लाटून, भाजी चिरून त्याबदल्यात जेवण देणारी, बायकांनी चालवलेली मेस कुणाला माहीत आहे का? शिवभोजनची १० रुपयांची थाळी दुपारीच मिळते. प्रश्न रात्रीचा आहे.

प्रतिसाद १: ताई, कार्ड परत मागायला तिला एकटीला पाठवू नका, सोडून द्या ते. कॉलेजात 'कमवा व शिका' योजनेची (शिकताना काम करून पैसे मिळतात) चौकशी करा. ती अनुसूचित जातीची असेल आणि सरकारी वसतिगृह मिळालं नसेल तर स्वाधार योजना बघा, पुण्यासाठी भोजनभत्ता वर्षाला ३२,००० आहे. तोवर कॅम्पातल्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथे कुणी काही विचारत नाही. आणि पुन्हा तसं घडलं तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही तिथेच मागा. तो धमकावतोय, त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन.

धागाकर्ती: खूप आभार. १८१ चं तिला सांगितलं, ती अजून तयार नाही, मी जबरदस्ती करणार नाही. योजनेचे पैसे यायला वेळ लागेल आणि रोज रात्री कॅम्पातून एकटीने परतणं अवघड आहे. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत चालत जाण्याजोगं काही असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. पत्ता इथे उघड लिहू नका, तोही हे वाचत असेल.