मदत हवी आहे: कॉम्पिटिंग रिस्कची वैद्यकातली पद्धत कर्जांच्या डेटाला चालेल का?

नमस्कार मंडळी,

सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस (घटना घडेपर्यंतच्या वेळेचं विश्लेषण) मी वैद्यकीय संशोधनात शिकलो. तिथला नेहमीचा प्रश्न असा: कर्करोग पुन्हा उलटण्याआधीच रुग्ण दुसऱ्या कारणाने दगावला, तर त्याला कसं मोजायचं? पाहायची घटना घडूच न देणाऱ्या अशा दुसऱ्या घटनेला कॉम्पिटिंग रिस्क म्हणतात. सध्या एका मित्राबरोबर गृहकर्जांच्या डेटावर काम करतोय आणि रचना तीच दिसते. कर्ज एकतर बुडतं, नाहीतर मुदतीआधीच फेडलं जातं, नाहीतर अभ्यास संपतो तेव्हा चालूच असतं. आम्हाला रस आहे बुडण्यात.

मित्राचं म्हणणं, मुदतपूर्व फेडलेली कर्जं सेन्सॉर (त्या दिवसापर्यंतच पाहिलेली, पुढचं माहीत नाही अशी) धरून कॅप्लन-मायर (घटना न घडता टिकलेल्यांचं प्रमाण) काढू. मला ते मान्य नाही, कारण फेडून मोकळं झालेलं कर्ज नंतर बुडूच शकत नाही. बनवलेलं उदाहरण घेऊन हिशेब केला. बुडण्याचा हॅझार्ड (अजून चालू असलेल्या कर्जांचा त्या क्षणीचा बुडण्याचा दर) वर्षाला 0.02 आणि फेडीचा 0.10, दोन्ही स्थिर. कॅप्लन-मायर उलटा करून (1 मधून वजा करून) 10 वर्षांत 18.1 टक्के कर्जं बुडतील असं उत्तर येतं. क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स (फेडून गेलेली कर्जं लक्षात घेऊन प्रत्यक्ष बुडणाऱ्यांचं प्रमाण) काढला तर 11.6 टक्के. फरक एवढा मोठा आहे की इथवर आमचं एकमत झालं.

अडलंय ते पुढे. त्याच उदाहरणात फेडीचा हॅझार्ड 0.20 केला, तर बुडण्याचा हॅझार्ड तसाच असूनही 10 वर्षांतलं बुडण्याचं प्रमाण 8.1 टक्क्यांवर येतं. आता समजा, काही कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा दंड आहे आणि त्यामुळे तिथे फेड कमी होते. फाइन आणि ग्रे यांचं 1999 चं, थेट या प्रमाणावरचा परिणाम मोजणारं मॉडेल ‘दंडामुळे बुडण्याचं प्रमाण वाढतं’ असं दाखवेल. फक्त बुडण्याच्या हॅझार्डवरचा परिणाम मोजणारं कॉज-स्पेसिफिक कॉक्स मॉडेल म्हणेल, काहीच परिणाम नाही. अहवालात कोणता आकडा द्यायचा? मित्राच्या वाचकांनी ‘दंड लावला की लोक कर्ज बुडवतात’ असा अर्थ काढला तर तो सरळसरळ चुकीचा ठरेल, आणि त्यावरून धोरण ठरलं तर नुकसान कर्जदारांचं आहे. याची मला खरंच काळजी वाटते.

दुसरा प्रश्न जास्त मूलभूत आहे. ‘मृत्यूच नसता तर किती जणांचा आजार उलटला असता’ हे विचारू नका, असं आम्हाला शिकवलं गेलं. पण मुदतपूर्व फेडीवर बंदी असलेलं जग काल्पनिक असलं तरी अशक्य नाही, नियम बदलून ते आणता येतं. मग या क्षेत्रात तो प्रश्न रास्त धरावा का?

शेवटी एक व्यावहारिक अडचण. नोंदी महिन्याच्या आहेत आणि थकलेल्या हप्त्यांची संख्या दर महिन्याला बदलते. फाइन-ग्रेमध्ये फेडलेलं कर्जही रिस्क सेटमध्ये (अजून बुडू शकतील असं धरलेल्या कर्जांत) राहतं. त्याचे थकलेले हप्ते किती धरायचे?

कर्ज, बेरोजगारी, यंत्रांचे बिघाड, कुठल्याही क्षेत्रात हे वापरलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद 1:
दंडाच्या उदाहरणात दोन्ही मॉडेल्स बरोबर आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. कर्ज देणाऱ्याला तोट्याची तरतूद करायची असेल, तर शेवटी किती कर्जं बुडणार हेच हवं. तिथे क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स द्या. दंडाने कर्जदाराच्या वागण्यात काय बदल होतो हे हवं असेल, तर कॉज-स्पेसिफिक हॅझार्ड, आणि तो दोन्ही घटनांचा. फेडीचा हॅझार्ड शेजारी छापला की बुडण्याचं प्रमाण कशाने वाढलं हे वाचकाला दिसतं. फाइन-ग्रेचा गुणोत्तराचा आकडा एकटाच कधीही देऊ नका.

प्रतिसाद 2:
तुमचा दुसरा प्रश्न रास्त आहे, आणि या विषयाइतकाच जुना. गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने 1760 मध्ये हेच विचारलं होतं: देवीचा रोग नाहीसा झाला तर आयुर्मान किती वाढेल? अडचण उत्तराची आहे. दोन घटनांच्या सुप्त वेळा (दुसरी घटना आड आली नसती तर प्रत्येकीला लागला असता तो वेळ) परस्परांवर अवलंबून आहेत की नाहीत हे निव्वळ डेटावरून ठरवता येत नाही, असं संख्याशास्त्रज्ञ त्सियातिस यांनी 1975 मध्ये सिद्ध केलं. कर्जांत तर अवलंबित्वाची दाट शंका आहे. मुदतीआधी फेडणारे बहुधा आर्थिकदृष्ट्या भक्कम असतात. बंदी आली तर तेही गटात राहतील, म्हणजे खरा आकडा तुमच्या 18.1 टक्क्यांच्या खालीच असेल. तेव्हा एकच आकडा न देता गृहीतकं बदलून पल्ला द्या.

थकलेल्या हप्त्यांसाठी फाइन-ग्रे सोडाच. फेडलेल्या कर्जाला थकलेले हप्ते नसतात, त्यामुळे कुठलीही किंमत भरली तरी ती मनाची. प्रत्येक कर्जाच्या प्रत्येक महिन्याची एक ओळ करा आणि ‘चालू, बुडालं, फेडलं’ यावर मल्टिनोमियल लॉजिट (दोनाहून जास्त पर्यायांच्या शक्यता काढणारं मॉडेल) लावा; महिन्याच्या नोंदींना ते नैसर्गिकच बसतं. मात्र त्यावरून पुढच्या 5 वर्षांचं भाकीत करायला थकबाकीचा पुढचा प्रवास माहीत असावा लागतो. तो माहीत नसतो, म्हणून लँडमार्क पद्धत घ्या: 12 व्या, 24 व्या, 36 व्या महिन्याला जी कर्जं चालू आहेत तेवढीच घ्यायची आणि त्या दिवशीच्या थकबाकीवरून पुढचं भाकीत करायचं.