शब्दचर्चा : ‘फील्ड विड्थ’ला पन्हा म्हणावं का?

सोलापुरात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. प्रिंटएफ (printf, आकडे-मजकूर दाखवायची सीमधली सूचना) आलं की मी सरळ ‘छापणे’ म्हणतो, पडद्यावर उमटलं तरी. त्यावर कोणी अडत नाही. (एफ फॉर्मॅटेडचा, फाइलचा नव्हे, हे मात्र दरवर्षी सांगावं लागतं.) गाडी अडते ती टक्का-सहा-डी (%6d, डी म्हणजे पूर्णांक) मधल्या सहापाशी. आकड्याला किती जागा ठेवायची ते हा सहा सांगतो, तीच ‘फील्ड विड्थ’. ‘क्षेत्र-रुंदी’ म्हटलं की पोरं जमीन मोजायला निघतात. परवा पूर्व भागातली एक मुलगी म्हणाली, ‘सर, म्हणजे पन्हा की!’ तिच्या घरी माग आहे, आणि कापडाची रुंदी म्हणजे पन्हा. शब्द कसा वाटतो?

– झकास. घ्या बिनधास्त.

– थांबा ओ. आमच्याकडेही चादरीचा माग होता. पन्हा फणीवर ठरतो, आणि मागावरून उतरल्यावर कापड थोडं आकसतं, वाढत कधीच नाही. प्रिंटएफचं नेमकं उलटं. टक्का-सहा-डीला हे तीन आकडे देऊन बघा:

|    ४५|
|  १२५०|
|१२५००००|

पहिल्या दोघांना डावीकडे मोकळी जागा जोडून सहा पुरे केले. तिसरा सात अंकी, तो खुशाल बाहेर आला. कापायचाही नाहीच, बिलातला अंक उडाला तर व्यापारी सोडेल का? सीच्या स्टँडर्डमध्ये शब्दच मुळी ‘मिनिमम फील्ड विड्थ’ असा आहे.

– मग ‘घरं’ म्हणा. एकक, दशक, शतकाची घरं सगळ्यांनीच आखलीत. ‘निदान सहा घरं’. सहाच्या आधी उणे लावलं की आकडा डाव्या घरापासून बसतो.

– आकड्यांना घरं ठीक, मराठी अक्षरांचं काय? दरपत्रक करताना टक्का-उणे-बारा-एसला (%-12s, एस म्हणजे मजकूर) ‘चादर’ दिली, पुढे एकही जागा सुटली नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या एककांत, लिहायची पद्धत) च, काना, द, र प्रत्येकी ३ बाइट, झाले १२. प्रिंटएफ बाइट मोजतं, अक्षरं नाही. वैतागून टक्का-पॉइंट-सहा-एस (%.6s) केलं, तर चादरीचा नुसता ‘चा’ उरला!

– अहो, हाच की खरा पन्हा! पॉइंटनंतरचा आकडा मजकुराला पुढे जाऊच देत नाही. एससाठीच बरं का. टक्का-एफमध्ये (%f, अपूर्णांक छापायला) तो दशांश स्थळं ठरवतो.

– पटलं. सहाला ‘निदान सहा घरं’, आणि एसच्या पॉइंटनंतरचा तो पन्हा. उद्या तिला सांगतो, शब्द तुझाच ठेवलाय, फक्त टिंबापलीकडे सरकवलाय. आता कोणीतरी टॅबला शब्द सुचवा.