मदत हवी आहे: मेंदूच्या मलेरियात औषधाखेरीज काय काय सांभाळावं?

माझा भाचा गडचिरोलीतल्या धानोऱ्याचा. फॅल्सिपेरम (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) मेंदूपर्यंत गेलाय, आयसीयूत आहे. मलेरियावरच्या आर्टेसुनेट औषधाची इंजेक्शनं चालू आहेत. काल पहाटे झटके आले. ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर 38, म्हणजे फारच कमी निघाली, शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिल्यावर झटके थांबले. शुद्ध अजून नाही.

नातेवाईक म्हणतात, मेंदूची सूज उतरायला स्टेरॉईड द्यायला सांगा. पण थायलंडमधल्या 1982 च्या अभ्यासात डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने बेशुद्धी उलट लांबली होती, त्यामुळे मी डॉक्टरांच्या मागे लागणार नाही.

अशा पेशंटची शुश्रूषा कुणी केली असेल तर कृपया सांगा. साखर दर किती तासांनी तपासायची? कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता कशी ठेवायची? नळीतून अन्न कधीपासून देतात? आणि नागपूरला हलवायचं तर आताच, की शुद्ध आल्यावर?