तरुण ताऱ्यांचे जेट : झोत, फवारा की चिळकांडी?

धंतोलीकर : पोट्ट्यांना रमण विज्ञान केंद्रात तारांगण दाखवायला नेतोय, नंतर थोडं मराठीतून बोलायचंय, विषय आहे ताऱ्यांचा जन्म. नवीन तारा बनत असताना दोन्ही ध्रुवांकडून वायू सुसाट बाहेर पडतो, त्याला जेट म्हणतात, पण जेट म्हटलं की यांना मिहानवरचं विमानच दिसते. फवारा म्हणू का?

खामला_एक्स्प्रेस : फवारा काहून बे? फवारा पसरते, जेट तर भलतंच अरुंद असते. वृषभ राशीतल्या एचएच ३० चा (एचएच म्हणजे हर्बिग-हारो, अशा जेटमुळे चमकणाऱ्या वायूच्या ठिकाणांना दिलेलं नाव) हबल दुर्बिणीचा फोटो पाहा, ताऱ्याभोवतीची धुळीची चकती कडेवरून दिसते आणि तिच्या मधोमध काटकोनात सरळ रेघ निघालेली. झोत म्हणा सरळ. झोतभट्टी म्हणतोच ना आपण, तिथे हवाच जोरात सोडतात.

सीताबर्डीची_सून : झोत चांगलाय पण पोरं टॉर्चचा प्रकाशझोत समजतील, आणि इथे तर खरंखुरं द्रव्य पळतंय, म्हणून निदान पहिल्यांदा तरी वायुझोत म्हणा. वेग सेकंदाला शंभर ते काहीशे किलोमीटर. ३०० धरला तर प्रकाशाच्या हजाराव्या हिश्श्याइतका, म्हणजे एक प्रकाशवर्ष जायला हजार वर्षं. तरीही ही हालचाल माणसाच्या हयातीत दिसते बरं का, हबलने १९९४ ते २००८ दरम्यान काढलेले एचएच १, २, ३४ आणि ४७ चे फोटो जोडून चक्क चलतचित्रं केलीत, त्यात पुढे सरकणारे ठिपके दिसतात.

जुना_मास्तर : त्या ठिपक्यांसाठीच मला चिळकांडी आवडते. चिळकांडी एकसारखी वाहत नाही, उडते आणि थांबते, आणि हे झोत तसेच आहेत. तारा चकतीतला वायू कधी जास्त गिळतो कधी कमी, त्याप्रमाणे फेकण्याचा वेगही बदलतो, मग मागून आलेला वेगवान वायू पुढच्या हळू वायूला गाठतो, धडकतो, तापतो आणि तिथे चमकणारी गाठ दिसते. मृगातल्या एचएच २१२ मध्ये दोन्ही बाजूंच्या गाठी जवळपास सारख्या अंतरावर आहेत, म्हणजे हे झटके मधल्या ताऱ्याजवळूनच येतात. गंमत अशी की दोन्ही वायू एकाच दिशेला पळत असल्यामुळे टक्कर होते ती फक्त वेगातल्या फरकाची, सेकंदाला काही दहा किलोमीटरची. पण पोट्ट्यांपुढे चिळकांडी म्हणालात तर वर्ग आवरणार नाही, तेव्हा नाव झोतच ठेवा आणि वर्णनात चिळकांड्या येऊ द्या.

धंतोलीकर : सर, गाठ की गुठळी?

जुना_मास्तर : गाठ. गुठळी पिठल्यातली.

खामला_एक्स्प्रेस : आणि ते आऊटफ्लो? ते बी झोतच का?

सीताबर्डीची_सून : नाही हो भाऊ, तिथेच सगळे घोळ घालतात. झोताच्या आजूबाजूला जो थंड वायू ढकलला जातो तो रुंद असतो आणि बराच हळू, रेडिओ दुर्बिणीला कार्बन मोनॉक्साइडमुळे दिसतो. त्याला बहिर्वाह म्हणतात, बरोबरच आहे, पण मी लोट म्हणेन. धुराचे लोट आपण म्हणतोच, आणि हा वायू झोताने लोटलेलाच आहे की!

जुना_मास्तर : वा काकू! लोट पक्का.

धंतोलीकर : आता शेवटचं, झोताच्या टोकाला, तो पुढच्या वायूवर आदळतो तिथे, जो बो शॉक असतो तो धनुष्याकृती धक्का ना?

जुना_मास्तर : चालेल, आकार दिसतो तसाच. पण इंग्रजीतला तो शब्द धनुष्याचा नाही, जहाजाच्या पुढच्या टोकाचा आहे, पाणी कापत जाताना पुढे जी लाट उठते तिच्यावरून. उच्चारही बो नाही, बाउ. कोकणात त्या टोकाला नाळ म्हणतात, पण नागपुरात नाळेपुढचा धक्का म्हटलं तर लोक दवाखान्याचा पत्ता विचारतील.

खामला_एक्स्प्रेस : 😂 मंग धनुष्यच बरं. पण हा वायू बाहेर फेकतो काहून, तारा तर गिळायला बसला आहे ना?

सीताबर्डीची_सून : चकतीतला वायू फिरत असतो, ते फिरणं कमी झाल्याशिवाय तो आत पडू शकत नाही. चुंबकीय क्षेत्र थोडा वायू बाहेर भिरकावतं, तो ते फिरणं सोबत घेऊन जातो आणि उरलेला आत पडतो. भिरकावणे हेच क्रियापद वापरा, ओकणे नको, काही लेखांत ओकतो म्हणून वाचलंय. ओकलेलं आधी पोटात गेलेलं असतं, हा वायू ताऱ्यात पोचलेलाच नसतो.