लिंच सिंड्रोम: भावंडांची जनुक तपासणी कशी करावी?

मदत हवी आहे. दादाला ४२व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. गाठीच्या तपासणीत एमएलएच१ हे प्रथिन दिसलं नाही, मग रक्तातही ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बदल सापडला. म्हणजे लिंच सिंड्रोम, घराण्यात चालत येणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय दोष. बाबा जठराच्या कॅन्सरनेच गेले होते. सख्ख्या भावंडांत हा बदल असण्याची शक्यता ५० टक्के, आणि असेल तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) हवी. ताईला तर गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका, पण ती घाबरून तपासणीच नको म्हणते. दादाचा नेमका बदल माहीत असताना आम्हाला तेवढीच तपासणी पुरेल की पूर्ण पॅनेल (एकाच वेळी अनेक जनुकांची तपासणी) लागेल? खर्च किती? मुंबईत टाटामध्ये जनुकीय समुपदेशनासाठी नाव कसं नोंदवायचं? आणि ताईला कसं समजवू? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.